मुलांचा हात, कलावंताची सही : रूथ असावा यांच्या भिंती

  

गेल्या व्याख्यानानंतर जिन्यात एका शिक्षिकेनं आम्हाला थांबवलं आणि विचारलं, "तुम्ही गॅलरीतल्या चित्रांवर तासतासभर बोलता. आमच्या शाळेत एका कलावंतानं मुलांना घेऊन मातीच्या फरशांची भिंत केली, त्यावर कोणीच काही लिहीत नाही. ती कला नाही का?" आम्ही उत्तर दिलं, पण ते गुळमुळीत होतं. "छान उपक्रम आहे," असं काहीसं म्हणालो. घरी जाताना लक्षात आलं की 'उपक्रम' हा शब्द वापरला त्याच क्षणी आम्ही त्या भिंतीकडे पाहायचं नाकारलं होतं. आजचं व्याख्यान त्या गुळमुळीत उत्तराची दुरुस्ती समजा.

मुलांबरोबर केलेल्या भिंतीबद्दल आपण साधारण दोन गोष्टी बोलतो. किती मुलांनी भाग घेतला आणि त्यांना किती आनंद झाला. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, पण दोन्हीतून भिंत दिसत नाही. आमचं म्हणणं असं आहे की अशा कामाला एक नेमका प्रश्न विचारता येतो : कोणता निर्णय मुलांच्या हातात ठेवला, आणि कोणता कलावंतानं स्वतःच्या अंगावर घेतला? समीक्षेचं काम इथून सुरू होतं.

आधी नेहमी दिसणारे दोन नमुने पाहू. पहिल्यात प्रत्येक मुलाला एक चौकोनी फरशी मिळते. मूल तिच्यावर फूल, घर, सूर्य, स्वतःचं नाव काढतं. फरशा भट्टीतून निघतात आणि ओळीनं भिंतीवर लागतात. जवळ गेलं की एखादी फरशी फार गोड असते, पण चार पावलं मागं आलं की भिंत दिसतच नाही, दिसतो तो हजेरीपट. सगळे हजर आहेत आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही. इथं मुलांना सगळं स्वातंत्र्य दिलं, पण कलावंतानं स्वतःचं काम केलंच नाही.

दुसरा नमुना याच्या बरोबर उलटा. कलावंत घरून पूर्ण आराखडा घेऊन येतो : मोर, झाड, नदी, उगवता सूर्य. मुलं तुकडे चिकटवतात, ठरलेल्या जागी ठरलेला रंग भरतात. भिंत दुरूनही देखणी दिसते. पण जवळ गेलं तर मूल कुठं आहे ते सापडत नाही. ही 'रंग भरा'ची वही झाली, फक्त सिमेंटवर. त्या मुलांच्या जागी चार गवंडी असते तरी भिंतीत काही फरक पडला नसता, उलट सांधे जास्त सफाईदार झाले असते.

या दोन टोकांच्या मधली वाट कशी असते, यासाठी आज आपण एका बाईंचं काम बघणार आहोत. नाव रूथ असावा. आडनाव ऐकून काहींना हसू आलेलं दिसतंय. मराठीत 'असावा' म्हटलं की कशाचीच खात्री नाही. पण ते जपानी आडनाव आहे, आणि त्या मागच्या बाई फारच ठाम होत्या.

जन्म १९२६चा, कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा. आईवडील जपानहून आलेले, भाजीपाल्याची शेती करणारे. १९४२मध्ये अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबलं. रूथ तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. वडिलांना सरकारी माणसांनी आधीच उचलून नेलं होतं. बाकीच्या कुटुंबाला सांता अनिता इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यात ठेवलं. त्याच मैदानावर डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले काही जपानी वंशाचे चित्रकारही कैदेत होते. ते प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून पोरांना चित्रकला शिकवायचे. म्हणजे असावांना खरे कलावंत शिक्षक म्हणून पहिल्यांदा भेटले ते तबेल्याशेजारी. पुढं त्या आर्कान्सामधल्या रोवर छावणीत गेल्या.

छावणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी मिलवॉकीच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्रवेश घेतला. पदवीसाठी प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सराव लागतो. जपानी वंशाच्या मुलीला तो सराव द्यायला शाळा तयार होईनात, त्यामुळे पदवी अडकली. मग १९४६मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात आल्या. तिथं बाउहाउसमधून आलेले योसेफ आल्बर्स शिकवत होते. आल्बर्स यांचा भर एका गोष्टीवर असे : आधी साहित्य हातात घ्या, ते काय करू शकतं ते पाहा, मग तुमचं म्हणणं मांडा. कागद, तार, वाळकी पानं, काहीही चालेल. ही शिस्त लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जगाला असावा माहीत आहेत त्या त्यांच्या तारेच्या शिल्पांमुळे. मेक्सिकोत टोपल्या विणायची एक पद्धत त्या शिकल्या, आणि तारेचे फास एकात एक गुंतवत त्यांनी छतापासून लोंबणारे, एकाच्या पोटात दुसरा असे पारदर्शक आकार विणले. त्या शिल्पांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकतं. आज ती बाजूला ठेवू.

१९६८ साल. असावा सॅन फ्रान्सिस्कोत नोए व्हॅली नावाच्या भागात राहतात. सहा मुलांची आई. मुलं जवळच्या अल्वाराडो प्राथमिक शाळेत जातात, आणि तिथं कलाशिक्षणाच्या नावानं जे चाललंय ते त्यांना पटत नाही. तक्रार करून घरी बसण्याऐवजी त्यांनी वास्तुकलेच्या अभ्यासक सॅली वुडब्रिज यांच्याबरोबर शाळेतच एक कार्यशाळा सुरू केली, अल्वाराडो आर्ट्स वर्कशॉप. एकेकाळी जिला वर्गात उभं राहू दिलं नव्हतं ती बाई पालक म्हणून मागच्या दारानं वर्गात आली. पैसे जवळजवळ नव्हते. दुधाचे रिकामे खोके, अंड्यांचे ट्रे, कापडाच्या चिंध्या, जे मिळेल ते साहित्य. आणि एक साहित्य असं, ज्याबद्दल आपल्याला थोडं सविस्तर बोलायचंय : पीठ.

चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी. मळून घट्ट गोळा करायचा. तिकडे याला बेकरची माती म्हणतात. आपल्याला यात नवल नाही. दिव्यांच्या अवसेला आपल्या घरात कणकेचे दिवे होतातच, आणि स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत असताना कणकेच्या गोळ्याची चिमणी केली नाही असं पोर विरळा. पण चित्रकलेच्या तासाला कणीक? तिथं आपल्याला ती 'खरी माती' वाटत नाही. असावांना ती का वाटली, ते समजायला खऱ्या मातीची अडचण आधी समजून घ्यायला हवी.

इथं कोणी सिरॅमिकचं काम करणारे असतील तर ते मान डोलावतील. मातीचा हत्ती केला आणि त्याला सोंड नुसती चिकटवली तर वाळताना ती गळून पडते. सांध्याच्या दोन्ही बाजू ओरखडून, मधे मातीचा पातळ घोळ लावून दाबावं लागतं. हत्तीचं पोट भरीव ठेवलं आणि आत ओल राहिली, तर भट्टीत वाफ होऊन तो फुटतो, आणि जाताना शेजारच्याचंही काम घेऊन जातो. माती वाळताना आणि भाजताना आकसते. साधी लाल माती भाजायलासुद्धा १००० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. चकाकी हवी असेल तर ग्लेझ लावून पुन्हा एकदा भट्टी. आणि ग्लेझचा रंग कच्चा असताना एक दिसतो, भाजल्यावर दुसराच निघतो. मुलानं फिकट करडं काहीतरी फासलेलं असतं, बाहेर येतं गर्द निळं. म्हणजे मूल अंदाजानंच रंगवतं, त्याला आपण काय केलं हे दोन आठवड्यांनी कळतं. सहा-सात वर्षांच्या पोराला दोन आठवडे म्हणजे एक युग.

याचा परिणाम काय होतो, तर मातीच्या कामात मोठ्या माणसाला सतत मधे पडावं लागतं. "सोंड जरा जाड कर", "पोट पोकळ कर", "दे इकडे, मीच लावतो". कोणाचा वाईट हेतू नसतो. भट्टी चुकीला माफी देत नाही, म्हणून शिक्षकाला दुरुस्त्या कराव्या लागतात. शेवटी वस्तू टिकते, पण त्या वस्तूतला मुलाचा हात पुसट होत जातो.

पीठ माफ करतं. पिठाला पीठ चिकटतं, सांधा ओरखडावा लागत नाही. नखाचा ठसा, कात्रीची टोचणी, लसूण ठेचायच्या दाबयंत्रातून निघालेले केस, सगळं जसंच्या तसं राहतं. घरच्या ओव्हनमध्ये त्याच दिवशी भाजून निघतं. बिघडलं तर गोळा करून पुन्हा मळा, पैशाचं नुकसान नाही. त्यातही दोष आहेत. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात असं काम मऊ पडेल. ते फार वर्षं टिकणारं साहित्य नव्हेच. पण दुरुस्तीची गरज कमी आणि ठशाची नोंद जास्त, हा त्याचा गुण असावांनी ओळखला. मुलांच्या हाताबद्दलचा आदर भाषणात सांगणं सोपं. तो आदर साहित्याच्या निवडीतून दिसायला लागतो तेव्हा आम्ही त्याला कलेचा निर्णय म्हणतो.

आता पडद्यावर बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरजवळ, एका मोठ्या हॉटेलच्या पायऱ्यांवरचं हे कारंजं. काम चाललं १९७० ते १९७३. आकार गोल, जात्याच्या मोठ्या पेडासारखा, आणि बाहेरच्या वळत्या भिंतीवर कांस्यातलं उठावाचं काम. एकूण ४१ भाग जोडून ही भिंत झालीय. विषय एकच : हे शहर. त्यात टेकड्या, पूल, उतारावरची घरं, चायनाटाउन, माणसं, जनावरं, झाडं. हे सगळं आधी पिठात केलं होतं. अल्वाराडो शाळेतली मुलं, शेजारी, मित्र, घरातली माणसं, असे सुमारे २५० लोक त्यात होते असं सांगतात. पिठातल्या कामाचे साचे घेतले, साच्यावरून मेण, मेणावरून कांस्य. बस्तरचे ढोकरा कारागीर मेण वितळवून धातू ओततात हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय, तत्त्व तेच.

थोडं जवळ जाऊ. इथं एक घर आहे, खिडक्या नीट, कौलं मोजून घ्यावी अशी. हे काम सरावलेल्या हाताचं. आणि त्याच्या पायाशी ही माणसं पाहा. डोकं धडापेक्षा मोठं, हात खांद्याऐवजी पोटातून फुटलेले, बोटं मोजायला गेलं तर हिशेब लागत नाही. कोणीतरी छोट्या अंगठ्यानं दाबून केलेली. कांस्यात तो अंगठा आजही आहे. कोणी ती बोटं पाच केली नाहीत. हा आमच्या मते या कामातला सगळ्यात मोठा धीर. कांस्य म्हणजे महापुरुषांच्या पुतळ्यांचा धातू. त्यात वाकडा कुत्रा ओतायला हिंमत लागते, कारण उद्या येणारा-जाणारा "हे काय केलंय" म्हणेल तेव्हा सही कलावंताची असते.

मग असावांनी काय केलं? तीन गोष्टी, आणि तिन्ही मुलांना करता न येणाऱ्या. पहिली, विषय असा निवडला की त्यात प्रत्येकाला ठाऊक असलेलं काहीतरी होतं. 'शांती' किंवा 'एकता' असा विषय दिला की मुलं कबुतर आणि हातात हात काढतात, कारण त्यांना तेच शिकवलेलं असतं. 'तुझं शहर' म्हटलं की आपल्या गल्लीतला उतार आठवतो. दुसरी गोष्ट, प्रमाण आणि जागा. शेकडो सुट्या वस्तू एकमेकींना धक्का न देता एका वळणावर बसवायच्या, दाट आणि विरळ ठरवायचं, नजर कुठून कुठं जाईल ते पाहायचं. गोधडी शिवणारी बाई चिंध्या कापत नाही, आल्या तशा घेते, पण कुठली कुठं जाईल ते तीच ठरवते. तिसरी गोष्ट म्हणजे नाशवंत पीठ टिकाऊ धातूत नेण्याची सगळी तांत्रिक जबाबदारी. मुलांच्या हातात आकार, कलावंताच्या हातात सांधा. आमच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर हे असं आहे.

आता कौतुक थांबवून उणीवही पाहू, नाहीतर पुन्हा 'छान उपक्रम' होईल.

एक, भिंत फार भरलेली आहे. आम्हाला तिच्यात डोळा टेकवायला रिकामी जागा सापडत नाही. कोणाचंच काम वगळायचं नाही अशी भूमिका घेतली की हे होतं. प्रेमानं वाढलेल्या ताटात सगळंच थोडं थोडं असतं, आणि चव कशाचीच लक्षात राहत नाही. तारेच्या शिल्पांत असावा पोकळीशी जे करतात, त्याचा मागमूस इथं नाही. दोन, हे शहर फार सुखी आहे. त्यात देखणी ठिकाणं आहेत, गर्दी आहे, मजा आहे. ज्या राज्यानं त्यांना कोवळ्या वयात तबेल्यात पाठवलं तेच राज्य हे, पण ती जखम इथं दिसत नाही. ती त्यांनी दाखवली १९९४मध्ये, सॅन होझेच्या स्मारकात, जिथं त्याच उठावाच्या भाषेत शेत, अटक आणि छावणी आहे. दोन्ही कामं शेजारी ठेवली की कळतं, मुलांबरोबर काम करताना त्यांनी स्वतःचं दुःख मुलांच्या हातून करून घेतलं नाही. यात संयम आहे असं आम्हाला वाटतं. पण त्यामुळे कारंज्यातलं शहर थोडं पर्यटकांच्या पोस्टकार्डाकडे झुकतं, हेही खरं. तीन, २५० हात आणि ओळख एकाच नावाची. आम्हीही आज सगळा वेळ 'असावांचं कारंजं' असंच म्हणतोय. याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर आमच्याकडे नाही. संयोजन त्यांचं होतं, जोखीम त्यांची होती, म्हणून सही त्यांची. पण 'त्यांचं' म्हणताना घशात थोडं अडकायला हवं.

आता हे सगळं एवढं खोलात का बोलायचं? कारण समीक्षेनं एखादं काम 'उपक्रमा'च्या खणात टाकलं की त्याचे परिणाम होतात. २०१३मध्ये या कारंज्याशेजारच्या जागेवर ॲपल कंपनीचं नवं दुकान उभारायची योजना जाहीर झाली. पहिल्या आराखड्यात कारंज्याला जागाच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असावा वारल्या. शहरातून ओरड झाली, लोकांनी बाजू लावून धरली, आराखडा बदलला. २०१६मध्ये दुकान उघडलं आणि कारंजं आज दुकानामागच्या मोकळ्या जागेत आहे. ते वाचलं याचा आनंद आहे. पण विचार करा, त्यांचं तारेचं एखादं शिल्प कोणी आराखड्यातून असं सहज विसरलं असतं का? ती शिल्पं लिलावात लाखो डॉलरला जातात. २०२०मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर दहा तिकिटं काढली, दहाही तारेच्या शिल्पांची. शहरात लोक त्यांना प्रेमानं 'कारंजेवाल्या बाई' म्हणायचे. या प्रेमळ नावात एक पायरीही आहे : शिल्पकार वर, कारंजेवाली खाली. ही पायरी बाजारानं एकट्यानं बांधली नाही. तिला आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी दगड पुरवले.

आणखी एक मुद्दा, तो पैशांचा आहे. अल्वाराडोची कार्यशाळा एका शाळेपुरती राहिली नाही, पुढं सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे ५० सरकारी शाळांपर्यंत पोचली. ती फक्त हौशी पालकांवर चालली नाही. १९७३च्या केंद्रीय रोजगार कायद्याखाली मिळणाऱ्या पैशातून शहरात कलावंतांना पगार देता आला, आणि कलावंत शाळेत रोज जाऊ लागले. पाहुणे म्हणून एका शनिवारी हार घेऊन परतणं वेगळं आणि वर्षभर तिथं असणं वेगळं. मग १९७८मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता कर कमी करणारा प्रस्ताव १३ मंजूर झाला, शाळांचे पैसे आटले, आणि नेहमीप्रमाणे पहिली कात्री कलेवर आली. असावांनी शाळांसाठीची धडपड सोडली नाही. १९८२मध्ये शहरात कलांसाठी स्वतंत्र सरकारी शाळा सुरू झाली त्यामागं त्यांचा आग्रह होता, आणि २०१०मध्ये त्या शाळेला त्यांचं नाव मिळालं. आम्ही हे चरित्र म्हणून सांगत नाही. भिंतीचा दर्जा आणि कलावंताला दिलेले दिवस यांचा थेट संबंध आहे म्हणून सांगतोय. दोन दिवसांत भिंत करायची असेल तर हजेरीपट किंवा 'रंग भरा', दोनच पर्याय उरतात.

आता शेवटची भिंत. ही मात्र खऱ्या मातीची. साठच्या दशकाच्या मध्यापासून असावा घरी येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे प्लॅस्टरचे साचे घ्यायच्या, साच्यात माती दाबायच्या, भाजायच्या, आणि ते मुखवटे घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावायच्या. मित्र, शेजारी, पाहुणे, घरचे. त्यातले २३३ आता स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कँटर कला केंद्रात एकाच भिंतीवर आहेत. डोळे मिटलेले सगळे, मातीचे रंग वेगवेगळे. कारंज्याच्या शेजारी ही भिंत ठेवून पाहा. तिथं हात लोकांचे आणि मांडणी असावांची. इथं हात असावांचे आणि चेहरे लोकांचे. कौतुकाची गोष्ट अशी की दोन्हीकडे त्या माणसाला नीटनेटका करत नाहीत. वाकडं नाक वाकडंच, पोटातून फुटलेला हात तसाच.

परत आपल्याकडे येऊ. आपल्याकडे शाळांतून 'बोलक्या भिंती' असतात. अंकलिपी, पाढे, नकाशा, महापुरुषांची चित्रं, झाडं लावाचे संदेश. हेतू चांगला असतो, रंगारी मेहनतीनं रंगवतात. पण त्या भिंती बहुतेक वेळा मुलांशी बोलतात, मुलांना बोलू देत नाहीत. आणि गंमत अशी की याच मुलांना आपण दिवाळीत काय करताना पाहतो? किल्ला. दगड, पोती, चिखल, वर आळीव पेरलेलं, आणि त्यावर मावळे. कोणी आराखडा देत नाही. मोठी पोरं उंची आणि उतार ठरवतात, लहान पोरं गुहा खणतात, आणि गुहा ढासळली तर वरचा बुरूज थोडा सरकतो. तिथं आकार आणि सांधा यांची वाटणी मुलं आपसातच करतात. म्हणजे ही समज आपल्याकडे आहे, ती शाळेच्या फाटकात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली जाते, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी अशी भिंत दिसली तर 'छान उपक्रम' म्हणू नका, आम्हीही म्हणणार नाही. जवळ जा आणि एखादा आकार शोधा जो फक्त त्या मुलानंच केला असता. मग मागं या आणि बघा, तो आकार शेजाऱ्याला धरून उभा आहे का. दोन्ही सापडलं तर ती भिंत कला आहे, आणि तिच्यावर लिहिलं पाहिजे. एकच सापडलं तर तेही लिहिलं पाहिजे, न दुखावता पण स्पष्ट.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, पण मुलांचं काम खरंच वाईट झालं तर? भिंतीवर लावायचंच का?

आम्हाला वाटतं 'वाईट' आणि 'वाकडं' यात फरक करायला हवा. वाकडं म्हणजे मुलानं पाहून, झगडून केलेलं, हाताला न जमलेलं. ते लावायचंच. वाईट म्हणजे न पाहता उरकलेलं, शेजाऱ्याचं बघून केलेलं, फळ्यावरून उतरवलेलं. तेही मुलाचा दोष नसतो, बहुतेक वेळा घाई आपली असते. अशा वेळी भिंतीवर काय लावायचं याआधी तास वाढवून द्यावा. पीठ असेल तर फारच सोपं. गोळा करायचा आणि म्हणायचं, "चल, परत मळूया."

आणि त्या शिक्षिका आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्यात. बाई, तुमच्या शाळेची भिंत आम्हाला बघायची आहे. पुढच्या आठवड्यात येऊ का?